दोन चुली

शनिवारी सालेकसाला घरी आलो, तेही लॅपटॉपसकट. सोमवारी डेमो. आमच्या जुन्या जावा वेब ॲप्लिकेशनमध्ये एका रिपोर्टला जुनी जार लागते, दुसऱ्याला तीच नवी. लिब फोल्डरात दोन्ही टाकल्या की क्लासलोडर आधी सापडेल ती उचलतो, की आलाच नोसचमेथडएरर! जावा ९ (२०१७) चे मॉड्यूल्स बघितले, पण साध्या मॉड्यूल पाथवर एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या नांदत नाहीत. शेवटी ओएसजीआय. एक्लिप्सने २००४ सालीच ३.० मध्ये घेतलेलं. प्रत्येक बंडलला स्वतःचा क्लासलोडर, दुसऱ्याकडचं हवं तर मॅनिफेस्टात इम्पोर्ट-पॅकेज लिहून, व्हर्जनसकट मागायचं.

"काय करून राह्यला रे?" आईने चहा ठेवला.

"एका घरात दोन चुली मांडतोय."

बोललो आणि जीभ चावली. पोळ्यापासून काकांची चूल वेगळी झालीय, अंगणात विटांची भिंत आहे. आई काहीच बोलली नाही. हावडा लाइनवरून मालगाडी गेली, ती संपेपर्यंत दोघंही गप्प.

रात्री साडेअकराला दोन्ही रिपोर्ट उघडले (मध्ये एकदा लाइट जाऊन आली). तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूची हाक आली, विरजण आहे का म्हणून. आई वाटी घेऊन उठली. अर्धा तास झाला, अजून तिकडेच आहे.