बाहेरचे घोडे

छंद म्हटला की आपल्याकडे पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, फार तर काड्यापेट्यांच्या छापांपर्यंत मजल जाते. कुणी जुन्या बंदुका जमवतो म्हटले, की समोरचा माणूस जरा सरकून बसतो. मीही सरकूनच बसले होते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी स्वीडनमधल्या येनशोपिंगला मामाकडे राहिले. (हे काड्यापेट्यांचेच गाव, आपल्या अंबरनाथचा विम्कोचा कारखानाही स्वीडिश कंपनीनेच काढला होता.) मामाच्या शेजारी सुतारकामाचे एक निवृत्त शिक्षक राहतात, वय ऐंशीच्या घरात. तिकडे सगळे एकमेकांना 'अरे-तुरे'च करतात. माझी जीभ काही वळेना. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणे.

आजोबांकडे नऊ दुनळी बंदुका आहेत, साऱ्या बाहेरच्या घोड्यांच्या. नळ्यांच्या मागे दोन बाजूंना दोन घोडे उभे, अंगठ्याने मागे ओढायचे, मग चाप. १८७५ साली इंग्लंडात ॲन्सन आणि डीली यांनी घोडे आत लपवणारी रचना काढली आणि श्रीमंतांच्या बंदुका गुळगुळीत झाल्या. शेतकऱ्याला मात्र साधी, स्वस्त, डोळ्यांना दिसणारी यंत्रणाच बरी वाटे. घोडा चढला आहे की नाही, हे लांबूनही कळते. म्हणून शेजारच्या हुस्कवार्ना गावचा कारखाना विसाव्या शतकातही त्या घडवत राहिला.

हा कारखाना १६८९ सालचा, राजाच्या सैन्यासाठी काढलेला आणि धबधब्याच्या पाण्यावर चालणारा. पुढे तिथे १८७२ पासून शिवणयंत्रे आली, मग सायकली, १९०३ साली मोटारसायकली. आज ते नाव झाडे कापायच्या यंत्रकरवतींवर दिसते. त्यावरचे चिन्ह अजूनही बंदुकीच्या तोंडाकडून दिसणाऱ्या नेमाच्या खुणेचे आहे. बंदुका मात्र बंद झाल्या.

आजोबा बंदूक कशी तपासतात, ते पाहण्यासारखे. दस्ता काढून नळ्या एका बोटावर टांगायच्या आणि नखाने टिचकी मारायची. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी पक्की असेल तर घंटेसारखा नाद घुमतो. डाख सुटला असेल तर फुटक्या घागरीसारखा आवाज येतो. मग नळी उजेडाकडे धरून आतल्या प्रकाशाच्या कड्या पाहायच्या. कडी वाकडी दिसली की तिथे पोचा. काही जुन्या बंदुकांतली काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरचीच असते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात बसते, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. म्हणून मोजल्याशिवाय बार काढायचा नाही. आजोबा तर आता काढतच नाहीत.

मी एकदा विचारलेच, जी वस्तू मारण्यासाठी घडवली, ती इतक्या मायेने का जपायची? ते रागावले नाहीत. एका दस्त्यावर कुणीतरी चाकूने कोरलेली आद्याक्षरे आणि गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा त्यांनी दाखवली. माझे समाधान झाले असे नाही. ससा मेला तो मेलाच. पण त्या जागेवरून बोट फिरवल्यावर माझा प्रश्न मलाच थोडा पुस्तकी वाटला.

खरी अडचण वेगळीच आहे. तिथे प्रत्येक बंदुकीला स्वतंत्र परवाना लागतो, ती पोलादी कपाटात ठेवावी लागते. मालक गेला की वारसांनी स्वतःच्या नावे परवाना काढायचा, नाहीतर ती विकायची किंवा पोलिसांकडे द्यायची. तिथे तिचे भंगार होते. अशा साध्या बंदुकांना भाव फार थोडा येतो. आजोबांच्या मुलीला त्या नको आहेत, आणि त्यात तिचे काय चुकले? तिचे घर लहान, मुले लहान.

म्हणून शेवटचे दहा दिवस आम्ही एक वही केली. ते इंग्रजीत सांगत, मी लिहून घेई: ही कोणत्या शेतावरून आली, आधी कुणाची होती, कोणत्या वर्षी कोणता घोडा बदलला. चौथ्या बंदुकीपाशी ते बराच वेळ गप्प राहिले. ती त्यांच्या वडिलांची. तिचे पान दोन ओळींतच संपले, मीही पुढे विचारले नाही.

दिवाळीत मामाचा फोन आला. तीन बंदुका विकल्या गेल्या, प्रत्येकीसोबत तिच्या पानाची नक्कल दिली. सहा अजून कपाटात आहेत. आजोबांचा गुडघा दुखतो आहे, आणि सातव्या पानावरचे साल चुकले आहे, ते दुरुस्त करायला त्यांनी मला सांगितले आहे.