अंकुराचे तारण

रामदासपेठेतील एका कापड व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलाने दुकानात बसण्याऐवजी कॅमेरा हाती घेतला, तेव्हा घरात अबोला पसरला. इतवारीतील दुकान तीन पिढ्यांचे. ‘‘लोकांची लग्ने टिपत हिंडणार का?’’ वडिलांनी एवढेच विचारले.

मुलगा मुंबईस गेला. मालिकांच्या सेटवर बारा-बारा तासांची पाळी, हिशेब दिवसाच्या कामाचा. काम नाही त्या दिवशी मिळकत शून्य. छायालेखक प्रकाशयोजना व दृश्याची चौकट ठरवतो, साहाय्यक फोकस सांभाळतो. परंतु प्रसंग चालू असताना ती चौकट राखणे हे कॅमेरा ऑपरेटरचे काम. नट एक पाऊल अधिक पुढे आला, तरी ती सुटता कामा नये. काम चोख झाले तर प्रेक्षकाला तो जाणवतही नाही. चुकले तरच दिसतो. मुनीमजींचेही असेच असते. रोजमेळ जुळला की त्यांना कोणी विचारत नाही.

सहा वर्षांनी त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी रक्कम मागितली. वडील म्हणाले, ‘‘तारण काय?’’

‘‘बाबा, फाळक्यांपाशी तरी काय होते?’’ मुलाने सांगितले. विम्याच्या पॉलिसी गहाण पडलेल्या. 1912 मध्ये विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला, पण चित्रपटासाठी भांडवल नव्हते. दादासाहेबांनी कुंडीतील वाटाण्यासमोर कॅमेरा मांडला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ टिपली. ती पाहून फोटो-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास पुढे आले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याचा कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग. फाळक्यांनीच त्यांना ती कला शिकवली होती. फाळक्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तेलंगांचे फार थोड्यांना ठाऊक आहे.

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘तुझे काम दाखव.’’ दोघांनी एक संपूर्ण भाग शेजारी बसून पाहिला. शेवटी नावे भरभर सरकू लागली, तेव्हा वडिलांनी चष्मा लावला.

निम्मी रक्कम मिळाली, तीही व्याजाने, वहीत नावे टाकून. मुलाला त्याचे वाईट वाटले नाही. भीक किंवा लाड म्हणून दिलेल्या पैशाची नोंद होत नाही. विश्वासाने दिलेल्या पैशाची होते. गेल्या पाडव्याला शेवटचा हप्ता जमा झाला. आता वडील मालिका शेवटच्या नावापर्यंत पाहतात.