लूर्ड, पॅरिस आणि आमची लेक

आमच्या धर्मग्रामातील एक दांपत्य परवा रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या घरी आले. त्यांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वीच्या अपघातापासून व्हीलचेअर वापरावी लागते. येत्या सुट्टीत त्याला घेऊन कुठेतरी लांब जावे, असे त्यांच्या मनात आहे. "तुम्ही तर लेकीला थेट फ्रान्सपर्यंत नेऊन आणलंत. कसं जमवलंत?" असे त्यांनी विचारले. तिकिटे, व्हिसा, हॉटेल यांविषयी सांगणे सोपे होते आणि ते आम्ही सांगितलेही. परंतु जे खरोखर सांगायला हवे होते, ते चहा घेता घेता सांगण्यासारखे नव्हते. त्यात आमचा थोडा कमीपणाही होता. म्हणून हे लिहीत आहोत.

आमची धाकटी लेक जन्मली ती पाठीच्या कण्यातील व्यंग घेऊन. डॉक्टर त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत कण्याची नळी पूर्ण मिटत नाही आणि त्या जागेखालील मज्जातंतूंचे काम अपुरे राहते. तिच्या पायांत बळ नाही, एवढेच लोकांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी की मूत्राशयावरही तिचा ताबा नाही. दर चार तासांनी नळीने ते रिकामे करावे लागते. हे काम ती दहा वर्षांची झाल्यापासून स्वतःच करते. त्यासाठी तिला स्वच्छ जागा, पाणी आणि खुर्ची आत गेल्यावर बंद होणारे दार, एवढेच हवे असते. एकाच जागी बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून खुर्चीवर हवेची गादी असते, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन तिला अंग उचलावे लागते. अशा गोष्टी चारचौघांत बोलायच्या नाहीत, असे आपल्याकडे मानतात. पण आमच्या प्रवासाचे वेळापत्रक आगगाडीवर ठरत नाही, या चार तासांवर ठरते. ते सांगितल्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही.

१९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा आम्ही उभयता शाळकरी वयाचे होतो. भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याने बस भरून वसईची मुले तिकडे जात. पुढे आमच्या थोरल्याला खांद्यावर बसवून आम्हीही तेथे गेलो. २०२२ पासून ती बाग बंद आहे. मात्र धाकटीला आम्ही तिकडे कधीच नेले नाही. "तिला त्रास होईल" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले की ते तिचे मत आहे की आमचे, हे कोणी तपासलेच नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गाची सहल निघे तेव्हा शिक्षिका हेच वाक्य अतिशय प्रेमाने म्हणत, आणि आम्ही मान डोलवत असू.

२०१६ साली ती अकरा वर्षांची असताना हट्टाला पेटली आणि युवक-युवतींच्या सहलीबरोबर आम्ही तिला अशाच एका बागेत घेऊन गेलो. बागेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तेथे प्रत्येक खेळाला पायऱ्या होत्या. प्रसाधनगृहाच्या उंबऱ्याशी एक पायरी होती आणि दार खुर्चीहून चार बोटे अरुंद होते. आम्ही मागे फिरायच्या विचारात असताना आमच्या गावची चार धडधाकट मुले पुढे आली, चारी बाजूंनी खुर्ची उचलली आणि "हलेलुया!" म्हणत लेकीला वर नेऊन ठेवले. भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हांला गहिवरून आले. छप्पर उघडून पक्षघाती माणसाला प्रभूसमोर उतरवणारे मार्काच्या शुभवर्तमानातील ते चौघे आम्हांला आठवले, आणि रात्री घरी आल्यावर आम्ही ते बोलूनही दाखवले.

लेक दिवसभर गप्प होती. सकाळपासून तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, कारण दार अरुंद आहे हे तिने आमच्या आधी पाहिले होते. ती म्हणाली, "त्या माणसाला तरी कोणी विचारलं होतं का, की तुला छपरातून जायचंय का?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. दोन दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. मूत्रमार्गाला संसर्ग झाला होता. सहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. आमच्या धर्मगुरूंना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेला एक माणूस आहे, त्याला बरे करण्यापूर्वी प्रभूने त्याचीच इच्छा विचारली होती, तेवढे मुलीला वाचायला द्या, असे ते म्हणाले. आम्ही ते तिला दिले. तिने वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. त्यावर काहीच बोलली नाही.

फ्रान्सला जाण्याची मूळ इच्छा आमची. अनेक वसईकरांप्रमाणे आमच्याही मनात लूर्ड कित्येक वर्षे होते, आणि कशासाठी ते वेगळे सांगायला नको. लेक चौदा वर्षांची झाली तेव्हा आम्ही विषय काढला. तिने ऐकून घेतले आणि सौदा केला: "तुम्हांला लूर्ड हवं आहे, मला डिस्नेलँड. दोन्ही करू या." यात्रेकरूंच्या गटाबरोबर जाणे शक्य नव्हते. बसच्या उंच पायऱ्या आणि रोज एक नवे शहर, हे चार तासांच्या हिशेबात बसेना. म्हणून २०१९ च्या मे महिन्यात आम्ही चौघेच निघालो.

विमानाच्या दारापर्यंत स्वतःची खुर्ची नेता येते. तेथून आसनापर्यंत एक अरुंद खुर्ची देतात. आपली खुर्ची सामानात जाते, तेव्हा गादी मात्र काढून हातात ठेवावी, हे आम्ही आधी विचारून घेतले होते, ते बरे झाले. परतीच्या प्रवासात एका विमान कंपनीने पाय ठेवण्याची पट्टी वाकवून आमच्या हाती दिली. नालासोपाऱ्याच्या एका वेल्डरने ती तासाभरात सरळ केली.

लूर्डविषयी आपल्या वाचकांना नव्याने काय सांगावे? १८५८ साली बर्नादेतला तेथे अठरा वेळा मरियामातेचे दर्शन घडले. तेव्हापासून बरे झालेल्यांपैकी सत्तराहून थोड्या अधिक जणांना चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली आहे. येणारे तर दरवर्षी लाखोंनी येतात. आम्हांला जे आश्चर्य वाटले ते वेगळेच होते. त्या गावात आजारी माणूस पुढे असतो. निळ्या टपाच्या तीन चाकी गाड्या स्वयंसेवक पुढून ओढतात. संध्याकाळी पाचच्या पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीत आणि रात्री नऊच्या मेणबत्त्यांच्या मिरवणुकीतही गाड्या आणि खुर्च्या आघाडीला असतात, आणि धडधाकट माणसे मागे. आमच्या लेकीकडे तेथे कोणी वळून पाहिले नाही. चौदा वर्षांत प्रथमच ती गर्दीत असूनही कोणाच्या नजरेत भरली नाही. ओढण्याची गाडी तिने नाकारली. "माझी खुर्ची मी ढकलते" असे तिने स्वयंसेविकेला सांगितले, आणि तिनेही "बरं" म्हणून वाट दाखवली.

गुहेपाशी आम्ही काय मागितले ते आम्हांला ठाऊक आहे. तिने काय मागितले, ते आम्ही विचारले नाही.

लूर्डहून पॅरिसला वेगवान गाडीने पाचेक तास लागतात. स्थानकाला आधी कळवले होते, म्हणून डब्याशी उचलयंत्र तयार होते. पॅरिसमध्ये नोत्र दाम मंदिर पाहायचे होते, पण महिन्यापूर्वीच, १५ एप्रिलला, ते आगीत सापडले होते. नदीच्या दुसऱ्या काठावरून आम्ही त्याचे उघडे पडलेले माथे पाहिले आणि एक प्रणाम मरिया म्हटली. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा लेकीनेच ती बातमी आम्हांला वाचून दाखवली.

डिस्नेलँड पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. १९९२ साली ते सुरू झाले. उपनगरी रेल्वेची एक शाखा तेथेच संपते आणि स्थानकाबाहेर पडले की समोर बागेचा दरवाजा दिसतो. आत गेल्यावर आम्ही प्रथम प्रसाधनगृह शोधले. तेथे खुर्चीला पूर्ण फिरता येईल एवढी मोकळी खोली होती, आणि दार आतून बंद होत होते. लेक दहा मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "आता पाणी द्या." आमची ही सहल खऱ्या अर्थाने तेथे सुरू झाली.

आपल्या सरकारी रुग्णालयाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र दाखवल्यावर कार्यालयातून एक कार्ड मिळाले. कोणत्या खेळात खुर्चीसकट जाता येते, कोठे खुर्चीतून उतरून आसनावर बसावे लागते आणि कोठे संकटसमयी पायी बाहेर पडता येणे आवश्यक आहे, हे तेथे आधीच समजते. कार्ड असले की लांब रांग टळते. थोरला खूश झाला. "तुझ्यामुळे आमची मजा आहे" असे तो बोलून गेला, आणि आम्हीही हसलो. तेव्हा आम्हांला आठवायला हवे होते, पण आठवले नाही: २०१३ साली अमेरिकेत अशी बातमी आली होती की काही श्रीमंत कुटुंबे रांग चुकवण्यासाठी अपंग माणसांना पैसे देऊन बागेत आपल्याबरोबर फिरवतात. त्याच वर्षी तेथील डिस्नेच्या बागांनी आपली पद्धत बदलली. ती बातमी वाचून आम्ही चांगलेच संतापलो होतो.

बाहुल्यांच्या देशोदेशींच्या गाण्याचा जो नौकाविहार आहे, त्यात खुर्चीसकट चढता येईल अशी नाव असते. त्यात आम्ही चौघे एकत्र बसलो. कोणी कोणाला उचलले नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. पूर्ण कुटुंबाने मिळून केलेला असा तो पहिलाच खेळ. आईच्या डोळ्यांत पाणी आले. लेक बाहेर आल्यावर म्हणाली, "फारच लहान मुलांचं आहे हे."

तिला वेग हवा होता. दुपारी एका वेगवान गाडीच्या खेळापाशी गेलो. दारावरच्या तरुणीने कार्ड पाहिले आणि आमच्याकडे न पाहता थेट लेकीला इंग्रजीत विचारले, "गाडी मधेच थांबली, तर आधार घेऊन थोडं चालता येईल का? पायऱ्या उतरता येतील?"

लेकीने तोंड उघडण्यापूर्वीच आम्ही म्हणालो, "हो, हो, थोडं चालते ती."

हे खोटे होते. ती एक पाऊलही चालत नाही. आमच्या मनाने क्षणात हिशेब केला होता की इतक्या लांब आलो, गाडी कशाला थांबते, आणि थांबलीच तर आम्ही उचलूच. जिच्यासाठी आम्ही हे बोललो तिच्या जिवाला त्यात धोका होता, आणि तिला सोडवायला येणाऱ्या कामगारांनाही. पाच दिवसांपूर्वी आम्ही गुहेपाशी गुडघे टेकले होते.

"नाही," लेक म्हणाली. "मला चालता येत नाही."

त्या तरुणीने तिचे आभार मानले, नकाशावर दुसरे दोन खेळ दाखवले आणि थोरल्याला आत सोडले. लेकीनेच त्याला जायला सांगितले होते. आम्ही तिघे बाकाशेजारी थांबलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "पप्पा, माझ्याबद्दल खोटं सांगू नका." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते. आम्ही क्षमा मागितली. तिने खांदे उडवले आणि आइस्क्रीम मागितले. वरून थोरल्याची किंकाळी ऐकू आली, तेव्हा आधी ती हसली आणि मग आम्ही.

परत आल्यावर घरात एक बदल झाला. कोणी नातलग आमच्याकडे पाहून "ती जेवली का?" असे विचारी, तेव्हा आम्ही उत्तर न देता लेकीकडे पाहत असू. पहिले काही महिने नातलगांना ते उद्धटपणाचे वाटले. एका आत्याबाईंना अजूनही वाटते.

लेक आता कमावती आहे. आमच्या देवळाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांच्या कडेला धर्मग्रामाने मोठ्या सद्भावाने सहा फुटांचा उतार बांधला. त्यावरून खुर्ची चढवायला मागे दोन माणसे लागतात. मागील वर्षी तिने पायऱ्यांची उंची मोजली. ती अठरा इंच भरली. एका इंचाला बारा इंच लांबी, हा सर्वत्र मानलेला हिशेब, म्हणजे उतार अठरा फुटांचा हवा. तिने तसे पत्र लिहून पाळकीय समितीला दिले. अडचण अशी निघाली की अठरा फुटांच्या वाटेत आवारातील लूर्डमातेची गुहा येते. ती हलवायला कोणी तयार होईना, आम्हीही नव्हतो. लेकीने मग वळणाचा उतार काढून दिला आणि वळणापाशी खुर्ची फिरण्यापुरती पाच फूट सपाट जागा दाखवली. पास्कानंतर काम सुरू झाले. गवंड्याने पहिल्याच दिवशी चढ थोडा वाढवून पाहिला. लेकीने टेप लावून तो पुन्हा मोडायला लावला.

त्या दांपत्याचे सांगायचे राहिले. त्या रविवारी चहा झाल्यावर आम्ही त्यांना एवढेच विचारले की मुलाला कुठे जायचे आहे. ते एकमेकांकडे पाहू लागले. मंगळवारी रात्री मुलाचा फोन आला. त्याला आमच्याशी बोलायचे नव्हते. लेक फोन घेऊन आपल्या खोलीत गेली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. मधून मधून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. काय बोलले, ते तिने आम्हांला सांगितलेले नाही.