पाकळीचा ल

चि. मनूस,


आजीच्या वहीतल्या पाककृतींचं पुस्तक तू मांडते आहेस, त्याची पहिली सोळा पानं पोचली. समास, फोटो, शाईचा रंग, सगळं मन लावून केलं आहेस. फक्त सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, ‘मामा, टाइप कुठलाही चालेल, देवनागरी सगळी सारखीच दिसते.’ त्या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र.

तिसरं पान उघड. ‘लाडू’मधला ल पाहा. त्याच्या उजव्या अंगाला उभी दांडी आहे. आता वहीतला आजीचा ल पाहा. तिथे दांडी नाही. शिरोरेघेखाली मधोमध टेकलेल्या दोन पाकळ्या आहेत. मग सातव्या पानावर जा. आजीनं लिहिलंय ‘पुऱ्या’, तू छापलंयस ‘पुर्या’. रफार आला आणि शब्द जड झाला. मराठी कानाला हे दोन उच्चार वेगळे लागतात, म्हणून तर दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. या हलक्या र साठी आपण आडवी, पापणीसारखी खूण वापरतो. ज्यात ती खूण नाही, त्या टाइपात ना भाकऱ्या नीट छापता येतील, ना पुऱ्या.

तू छपाईचे खिळे कधी हाताळले नाहीस, म्हणून सांगतो. मी सव्वीस वर्षं जुळारी होतो. आमच्या हातातलं प्रत्येक अक्षर आधी कोणीतरी पोलादाच्या कांडीच्या टोकावर, उलटं, कोरलेलं असे. तो पंच तांब्यावर ठोकला की मातृका तयार होई, आणि मातृकेत शिसं, अँटिमनी, कथील यांचा रस ओतला की खिळा. कोरणाऱ्याचा हात केसभर हलला तर ती चूक हजारो पानांवर उमटायची. शिवाय देवनागरीची ओळ तीन मजली: मात्रा आणि रफार वर, अक्षर मध्ये, उकार खाली. त्यात जोडाक्षरं. रोमनचं काम थोडक्या खणांत भागतं, आपल्याला शेकडो लागत.

हे काम मुंबईत ज्यांनी नावारूपाला आणलं, त्यांची नावं तुला ठाऊक हवीत. जावजी दादाजी लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरीचे ठसे घडवत होते. पुढे १८६४ साली जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी अक्षरं कोरली राणोजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरची ‘काव्यमाला’ किंवा एखादी जुनी संस्कृत पोथी हातात घेऊन बघ. लांबलचक समास असतो, एकावर एक जोडाक्षरं असतात, तरी डोळा अडखळत नाही. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आणि त्याच्या रेघेची जाडी एकमेकींना सांभाळून असतात. जावजींचं नाव निदान ग्रंथांच्या इतिहासात राहिलं, राणोजींचं फारसं कोणी घेत नाही. पण ती पानं वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून त्यांचा हात गेला आहे.

त्या अक्षरांत बोरू जिवंत आहे, हेही लक्षात घे. नागरीसाठी बोरूचा काप रोमनच्या टाकाच्या उलट असतो. म्हणून रोमन ‘ओ’ जिथे जाडावतो, तिथे आपला गोल बारीक होतो. रोमन अक्षरांचे तुकडे जोडून देवनागरी केली की ती लगेच परकी दिसते, त्याचं एक मोठं कारण हे.

मुंबईत घडलेलं हे वळण इथेच राहिलं नाही. उत्तरेत अ, झ, ण यांची रूपं निराळी होती. मुंबईच्या टाइपाला तिकडे ‘बंबइया’ म्हणत. आज हिंदीच्या मानक देवनागरीत अ, झ आणि ण आपल्या वळणाचे आहेत. ल आणि श मात्र तिकडचेच राहिले. पुढे संगणकावर तेच इतके पसरले, की मराठी मुलंही दांडीचा ल गिरवू लागली. शेवटी महाराष्ट्र शासनाला ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच वापरावेत असं सांगावं लागलं.

संगणक आला म्हणून हे काम थांबलं, असं समजू नकोस. र. कृ. जोशी कवी आणि सुलेखनकार. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ वापरला, तो त्यांनी घडवला. टाइप घडवणाऱ्या ‘एक टाइप’च्या मंडळींचा ‘मोदक’ पाहा. अक्षर इतकं गुबगुबीत, की पोटातल्या जागेची नुसती रेघ उरते, तरी ते वाचता येतं. आणि बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्रणावर लिहिलेला तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ, १९७१ साली निघालेला, ग्रंथालयात बसून सावकाश चाळ. एका माणसानं एका लिपीवर किती जीव लावावा, ते कळेल.

तुझ्या कामाचं एवढंच. संगणकाच्या लेखी ल एकच, पाकळीचा असो वा दांडीचा. चांगल्या टाइपात दोन्ही रूपं भरलेली असतात. मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडलीस, की अशा टाइपात आपला ल आणि आपला श आपोआप येतात. ज्यात येत नाहीत, तो टाइप बाजूला ठेव, कितीही देखणा असला तरी. निवडण्याआधी तीन शब्द छापून बघ: लाडू, शेव, पुऱ्या. तिन्ही आजीच्या वहीतल्यासारखे उतरले, तर पुढची पानं लाव.

आजीला शाळा चौथीपर्यंतच मिळाली. पण तिनं वहीत लिहिलेला ल बरोबर आहे. पुस्तकातही तोच येऊ दे.

तुझा,
मामा