निरंक

मराठी कार्यालयीन व्यवहारात 'निरंक' हा मोठा सोयीचा शब्द आहे. वरिष्ठ कार्यालयाने मागविलेल्या तक्त्यात भरण्यासारखे काही नसले की त्या रकान्यात 'निरंक' असे लिहावयाचे, हा जुना संकेत. शब्दाची घडण साधी आहे. ज्यात अंक नाही ते निरंक. परंतु अंक म्हणजे केवळ संख्या नव्हे. अंक म्हणजे खूण, डाग. चंद्राला शशांक, मृगांक ही नावे मिळाली ती त्याच्यावरील डागामुळे. (नाटकाचा अंक आणि मांडी हे आणखी दोन अर्थ, त्यांचा येथे संबंध नाही.) उच्च शिक्षणसंस्थांतील लैंगिक छळाच्या तक्रारींचा वार्षिक तक्ता भरताना या शब्दाच्या दोन अर्थांची सरमिसळ होते. लिहिणारा संख्या नाही एवढेच लिहितो. वाचणारा डाग नाही असे वाचतो. आणि संस्थेलाही ते तसेच वाचले जावयास हवे असते.

कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ मध्ये अधिनियम झाला. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ ची विनियमावली केली. ती राजपत्रात प्रसिद्ध झाली मे २०१६ मध्ये. या साऱ्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या 'विशाखा' निकालात आहे. त्या निकालामागे राजस्थानातील भंवरीदेवी होती. बालविवाह थांबवू पाहणाऱ्या या साथीनवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला होता. विद्यापीठांच्या सूचनाफलकांवर आज समितीच्या सदस्यांची जी यादी लावलेली असते, तिचे ऋण कुंभार जातीतील एका ग्रामीण स्त्रीकडे जाते, ही गोष्ट विद्यापीठांत क्वचितच कोणी उच्चारते.

या यादीत एका विद्यापीठाच्या मराठी विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापिकेचे नाव अध्यक्ष म्हणून आले. विभागात त्यांना सारे 'बाई' म्हणतात. आयुष्यभर पाठचिकित्सा आणि शैलीविचार शिकविलेल्या बाईंनी तक्रारींकडेही संहिता म्हणून पाहिले, यात नवल नाही. त्यांच्या ध्यानी पहिली गोष्ट आली ती शब्दांची चणचण. खोलीत येऊन बसणारी विद्यार्थिनी 'छळ' हा शब्द कधीच वापरीत नसे. ती म्हणे, 'त्रास होतो.' किंवा, 'सर जरा विचित्र वागतात.' किंवा नुसतेच, 'त्यांच्या केबिनमध्ये एकटीनं जावंसं वाटत नाही.' या वाक्यांत कर्ता एक तर गाळलेला असतो, नाही तर आदरार्थी बहुवचनात असतो. घडलेल्या गोष्टीचे नाव तर त्यांत कुठेच नसते.

याला भाषेचा इतिहास कारण आहे. 'छेडछाड' या शब्दात थट्टेची, खेळकरपणाची छटा आहे. चित्रपटांनी ती अधिक गडद केली. 'विनयभंग' हा कायद्याच्या मराठीतील शब्द. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३५४ साठी तो रूढ झाला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही विनयाची ती कल्पना कलम ७४ मध्ये टिकून आहे. या शब्दात भंग कशाचा होतो हे पाहावे. स्त्रीच्या देहाचा नव्हे, तिच्या इच्छेचा नव्हे, कामाच्या तिच्या हक्काचाही नव्हे, विनयाचा. म्हणजे ज्या वस्तूचे रक्षण करणे हे तिचे कर्तव्य मानले गेले, तीच मोडली. पंजाबातील एका वरिष्ठ अधिकारी स्त्रीच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाला या संज्ञेचा अर्थ लावण्यासाठी इंग्रजी शब्दकोश उघडावा लागला, कारण दंडसंहितेने तिची व्याख्याच केलेली नव्हती. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या घटनेकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते. 'लैंगिक छळ' हा त्यामानाने नवा, काहीसा अनुवादित वाटणारा शब्दप्रयोग. पण त्यात करणाऱ्याच्या कृतीला नाव आहे. विद्यार्थिनीच्या तोंडी मात्र तो अद्याप बसलेला नाही.

तोंडी बसलेले शब्द निराळेच आहेत, आणि ते पाहावयाचे तर पीएच.डी.च्या प्रबंधांचे ऋणनिर्देश वाचावेत. प्रबंधाच्या शेकडो पृष्ठांत लेखिकेला स्वतःचा सूर लावण्याची मुभा असते ती या दीड-दोन पृष्ठांतच. तेथे मार्गदर्शक 'गुरुवर्य' असतात, 'पितृतुल्य' असतात. त्यांनी 'मुलीप्रमाणे माया केली' असते. गुरुपत्नीने 'आईच्या मायेने' जेवू घातलेले असते. पुरुष विद्यार्थ्यांच्या ऋणनिर्देशांतही गुरुभक्ती भरपूर सापडते, परंतु नात्यांची ही गर्दी विद्यार्थिनींच्या लेखनात अधिक दाट वाटते. यातील बरेचसे खरे असते, हे नाकारण्याचे कारण नाही. दूरच्या तालुक्यातून आलेल्या मुलीला घरातून संशोधनाची परवानगी मिळते तीच पुष्कळदा 'सर आपल्या माणसासारखे आहेत' या भरवशावर. प्रश्न उद्भवतो तो नात्याचा हा शब्द फसवा ठरतो तेव्हा. शिक्षकाविरुद्ध तक्रार करता येते. पित्याविरुद्ध कशी करावी? ज्या शब्दाने तिला विद्यापीठाचे दार उघडून दिले, तोच शब्द आता तिचे तोंड बंद करतो. आणि पाच वर्षांनंतर ऋणनिर्देश लिहिताना तिला तो पुन्हा वापरावाच लागतो, कारण त्या पृष्ठावर मार्गदर्शकाचे नाव नसले तर ते नसणेच सर्वांच्या नजरेत भरते.

बाईंच्या मते मराठी प्रबंधांतील सर्वांत दुर्लक्षित गद्यप्रकार हाच.

पूर्वीचा अडसर असा गुंतागुंतीचा नव्हता. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकत असता सहाध्यायी वर्गाची दारे त्यांच्या तोंडावर लावून घेत. परीक्षेतील अव्वल यशामुळे इंग्लंडमधील शिक्षणासाठी मिळू शकणारी सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली. इतरांच्या साहाय्याने त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पदवी हाती पडली ती १९२२ मध्ये. तीस वर्षे! पण हा सारा अन्याय उघड्यावरचा होता. बंद दार सर्वांना दिसते. आजच्या संशोधक विद्यार्थिनीसाठी दार उघडे आहे. विभागाच्या चर्चासत्रात स्वागताला, गुच्छ देण्याला, चहापानाच्या व्यवस्थेला तीच पुढे असते, आणि निबंधवाचनाच्या सत्रात अध्यक्षस्थानी कोण असावे हे तिला न विचारता ठरते. हे किरकोळ म्हणून सोडून दिले जाते. तथापि जेथे विद्यार्थिनीचा वेळ, श्रम आणि हसतमुख उपस्थिती ही विभागाची मालमत्ता मानली जाते, तेथे पुढची पायरी कोणती हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

नियमांची भाषा मात्र वाचण्याजोगी आहे. चौकशी चालू असता, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारकर्तीच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखावे, अशी शिफारस समितीला करता येते. कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना समितीत घेऊ नये. विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तेव्हा निवडून आलेले विद्यार्थी-प्रतिनिधीही तीत असावेत. ज्यांनी हे लिहिले त्यांना विद्यापीठ आतून ठाऊक होते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निवडलेल्या प्रतिनिधींची अशी समिती १९९९ पासून होती. २०१७ मध्ये ती जाऊन तिच्या जागी अंतर्गत समिती आली, आणि त्यावर बराच वादही झाला.

पण एका ठिकाणी ही जाणती लेखणी अडखळली आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावयाची. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दुसरीकडे पीएच.डी.चा काळ किमान तीन वर्षे, साधारणतः सहा वर्षांपर्यंत; २०१६ च्या नियमांपासून विद्यार्थिनींना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. ही दोन घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत. प्रगती-अहवालावर सही, प्रबंध सादर करण्यास संमती, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीआधी कोणाच्या तरी कानी घातला जाणारा बरावाईट शब्द, हे सारे एकाच व्यक्तीच्या हाती असताना विद्यार्थिनी तीन महिन्यांत लेखी तक्रार देईल, ही अपेक्षा कारखान्यातील किंवा कचेरीतील कामाच्या हिशेबाने धरलेली आहे. ती बोलली तर मौखिक परीक्षा आटोपल्यावर बोलेल. तोवर मुदत केव्हाच संपलेली असते. कालगणनेची ही विसंगती दूर होईपर्यंत तक्त्यातील रकाना रिकामाच राहणार.

बाईंच्या खोलीत एक विद्यार्थिनी दोनदा आली. पहिल्या वेळी तासभर बसली. दुसऱ्या वेळी दारातूनच 'नको बाई, राहू दे' म्हणून परतली. लेखी काही नव्हते. तक्रार लिहिण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे आणि बाईंनी ते देऊही केले होते; तथापि जिला लिहावयाचेच नाही तिच्या वतीने लिहिणे हाही एक प्रकारचा बलप्रयोगच, असे त्यांचे मत. वर्षअखेरीस तक्ता आला: प्राप्त तक्रारी, निकाली काढलेल्या तक्रारी, नव्वद दिवसांहून अधिक काळ प्रलंबित तक्रारी. बाईंनी पहिल्या रकान्यात लिहिले, 'लेखी तक्रारी: निरंक.' विहित नमुन्यात अधिक शब्द घालू नयेत, अशा शेऱ्यासह तक्ता परत आला. त्यांनी तो त्याच शब्दासह पुन्हा पाठविला. पुढे छापील अहवालात 'लेखी' गळला होता.

जातीचा प्रश्न या तक्त्यात मुळीच येत नाही. दलित स्त्रीचा अनुभव सर्वसाधारण 'स्त्री' या शब्दात विरघळवून टाकता येणार नाही, असे पुण्यातील स्त्री-अभ्यास केंद्राशी निगडित असलेल्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये मांडले. ज्या विद्यार्थिनीच्या हजेरीकडेच 'सवलतीतून आलेली' अशा नजरेने पाहिले जाते, तिच्या तक्रारीकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल हे वेगळे सांगावयास नको. आणि ताराबाई शिंदे? त्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले, विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले. आज ते मराठी विभागांत शिकविले जाते, त्यावर प्रश्न विचारले जातात, गुण दिले जातात. एका स्त्रीचा संताप त्र्याण्णव वर्षे दडून राहू शकतो, हे शिकविणाऱ्या विभागांना आपल्याच कपाटातील कागदांविषयी कुतूहल नसावे, हे विचित्र आहे.

ते कागद आहेत. या विषयावरील संशोधन तक्रारींच्या नोंदींपाशी थबकते, कारण नोंदीच नसतात. परंतु विद्यापीठात दुसऱ्या नोंदी विपुल आहेत. नोंदणी रद्द करण्याचे अर्ज आहेत. मुदतवाढीचे अर्ज आहेत. विषयबदलाचे आहेत. निवृत्तीला दोन वर्षे उरली असता बाईंनी आपल्या विभागाचे असे जुने अर्ज, नावे झाकून, वाचावयास घेतले. बहुतेकांत कारणाच्या जागी 'वैयक्तिक' किंवा 'घरगुती अडचण' असे लिहिलेले होते. त्यांतील पुष्कळ कारणे खरीच असणार. लग्न, बाळंतपण, पैशाची ओढाताण. लग्नामुळे गाव सुटणाऱ्या विद्यार्थिनीला आपली संशोधन-सामग्री दुसऱ्या विद्यापीठात नेता यावी, अशी तरतूद नियमांत २०१६ पासून आहेही. बाई आता त्या अर्जांची हस्ताक्षरे, तारखा आणि मागेपुढे जोडलेले प्रगती-अहवाल ताडून पाहत आहेत: कोणत्या सहामाहीपर्यंत 'समाधानकारक' होते, कोणत्या सहामाहीत एकाएकी 'असमाधानकारक' झाले, आणि त्यानंतर किती दिवसांनी घरगुती अडचण उपस्थित झाली.

सर्वांत पातळ गठ्ठा मार्गदर्शक बदलून मिळण्याच्या अर्जांचा आहे. त्या अर्जाला विद्यमान मार्गदर्शकाचे, त्यांच्या स्वाक्षरीचे, ना-हरकत पत्र जोडावे लागते.