माझा छंद – समुद्री टाकी आणि तपकिरी शेंबूड (अनुभवलेखन)



'माझा आवडता छंद' हा निबंध मी दरवर्षी चौथीच्या मुलांना लिहायला सांगतो. यंदा मीच लिहायला बसलोय. फरक एवढाच की माझा छंद गेल्या वर्षी पार फसला होता.

माझ्याकडे शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउनफिश, थोडे मऊ प्रवाळ आणि काच चाटून साफ ठेवणाऱ्या सहा गोगलगायी. (दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ते नाहीत.) पाणी स्वच्छ ठेवायचं मला वेडच. दर रविवारी पाणी बदल, फॉस्फेट शोषणारे खडे, माशांना चिमूटभरच खाऊ. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. वहीत ते आकडे लिहिताना पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं वाटायचं.

मग वाळूवर तपकिरी चिकटा आला. शेंबडासारख्या तारा आणि त्यात हवेचे बुडबुडे. रात्री कमी व्हायचा, दुपारी पुन्हा हजर. मी आणखी पाणी बदललं, आणखी घासलं. तो वाढतच गेला आणि आठवड्यात चार गोगलगायी मेल्या.

शेजारच्या हायस्कूलमधून दोन दिवसांसाठी सूक्ष्मदर्शक मागून आणला. हातमोजे घालून एक थेंब काचपट्टीवर घेतला. मुलांनीही रांग लावली. एक मुलगी ओरडली, "सर, हे तर भोवऱ्यासारखं फिरतंय!" पाण्याच्या थेंबाच्या आकाराच्या पेशी, निमुळतं टोक एका जागी ठेवून गरगर फिरत होत्या. डायनोफ्लॅजेलेट! या नावातल्या 'डायनो'चा ग्रीक अर्थच गरगरणं. पोरीने पुस्तक न बघता बरोबर सांगितलं होतं. आकार आणि चाल बघता ही ऑस्ट्रिऑप्सिस जात, जी विषारी असते. गोगलगायी तेच खरवडून खात होत्या.

आणि कारण मी होतो. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट उरलं नाही की साधं शेवाळ उपाशी मरतं. डायनो मात्र जीवाणू खाऊनही जगतात. त्यांना रिकामं मैदान मीच करून दिलं होतं.

मग सगळं उलटं केलं. पाणी बदलणं बंद, खडे काढून टाकले, माशांना दुप्पट खाऊ. नायट्रेट पाच ते दहा आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवलं. तीन दिवस टाकीवर चादर टाकून अंधार केला. रात्री या पेशी वाळू सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून अतिनील दिवाही बसवला. (वाळूतच राहणारी ॲम्फिडिनियम जात असती तर दिव्याचा फारसा उपयोग झाला नसता. म्हणून आधी सूक्ष्मदर्शक, मग खर्च!) तरी दोनदा चिकटा परत आला. एकदा तर टाकी विकायचीच असं ठरवलं होतं. मेलेल्या गोगलगायींचे शंख हातात घेतले की वाईट वाटायचं.

सातव्या आठवड्यात काचेवर हिरवं शेवाळ दिसलं आणि वाळू पांढरी झाली.

बायको म्हणाली, "अहो, काच किती घाण झालीय, पुसा की."

म्हटलं, "राहू दे. उरलेल्या दोघींना खायला लागेल."