गंजाखालचं लोखंड

आमच्या घरची फियाट १९६७ सालची, ‘११०० डिलाइट’. बाबा भेलच्या मशीन शॉपमध्ये टर्नर होते. नोकरीत असतानाच त्यांनी ती जुनी विकत घेतली. निवृत्तीनंतर पिपलानीचं क्वार्टर सोडून आम्ही करोंदला हाउसिंग बोर्डाच्या घरात आलो तेव्हा ती स्वतःच्या चाकांवर आली, आणि पुढेही मंडीतल्या भाजीपासून नागपूरच्या लग्नांपर्यंत सगळं तिच्यावरच चाललं. मग एका उन्हाळ्यात हेड गॅस्केट गेलं. एका मेकॅनिकने घरी येऊन हेड उतरवलं, तपासून आणतो म्हणून नेलं, परत आणूनही दिलं. बसवायला मात्र तो फिरकला नाही. त्याच सुमारास बाबांचं आजारपण सुरू झालं आणि गाडीचा विषय मागे पडला. उघड्या ब्लॉकवर पोतं आणि त्यावर पत्र्याचा तुकडा, एवढ्याच आडोशाला त्या इंजिनाने भोपाळचे कितीतरी पावसाळे काढले.

बाबा गेल्यावर मी तो पत्रा उचलला. चार सिलिंडरच्या या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर असले की दुसरा आणि तिसरा तळाशी असतात. आमचं इंजिन नेमकं त्याच अवस्थेत थांबलं होतं. पहिल्या आणि चौथ्या पिस्टनच्या डोक्यावर पांढरट-तपकिरी खपली धरली होती, पण पिस्टन वर असल्यामुळे त्यांच्या खालच्या भिंती झाकलेल्या राहिल्या होत्या. दुसरा आणि तिसरा म्हणजे दोन लहानशा विहिरीच. भिंती वरपासून खालपर्यंत तांबूस आणि खरखरीत. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागे. पाणी साचून आटल्याच्या रेषा एकाखाली एक उमटलेल्या. फ्लायव्हील तसूभरही हलत नव्हतं.

ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांचा सल्ला एकच: हे भंगारात द्या, दुसरं इंजिन टाका. मला ते करायचं नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. १९६४ पासून तिथे डिलाइट बनू लागली. याच गाडीचं पुढे १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असं नाव झालं, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. आमच्या ब्लॉकवर कुर्ल्यात ठोकलेला इंजिन नंबर आहे आणि तोच आरसी बुकात आहे, हे पहिलं कारण. दुसरं कारण कायद्यातलं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी तिच्यात बसते; तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. इंजिन बदललं असतं तर गाडी रस्त्यावर आली असती, पण ती हीच गाडी राहिली नसती.

जुन्या भोपाळात कबाडखान्याजवळ सत्तरी ओलांडलेले एक उस्ताद आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. अँबेसिडर आणि फियाट यांच्यावरच त्यांची उमर गेली आहे. ते करोंदला आले, टॉर्च मारून चारही सिलिंडर पाहिले आणि म्हणाले, “पहले दीवार साफ करो, भाई साहब, फिर घुमाने की सोचो.” त्यांच्या या एका वाक्यात अर्धं काम होतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून नट बोल्टला आवळून बसतो आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला. अशा वेळी पिस्टनवर हातोडी घातली तर ॲल्युमिनियमचा पिस्टन फुटतो. जोर करून वर ढकलला तर रिंगा गंजाच्या थरात रुततात आणि भिंतीवर ओरखडे पाडतात.

म्हणून आधी दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या उघड्या भिंती डिझेलमध्ये भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ केल्या आणि सुटलेली भुकटी कापडाने टिपून घेतली. मग चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ तेल एकत्र करून ओतलं आणि मुरू दिलं. पातळी खाली गेली की पुन्हा भर घालायची, रिंगांच्या फटीत तेल उतरतंय याची तीच खूण. नंतर फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून केसभर पुढे, केसभर मागे. एकाच दिशेने रेटायचं नाही, हे चाचांनी बजावलं होतं. ज्या दिवशी चारही पिस्टन सलग एक फेरा फिरले त्या दिवशी पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची आतली बाजू दिसली. ती जुन्या तेलाने काळपट, पण गुळगुळीत होती. एकाच ब्लॉकमध्ये, एकाच पावसात, दोन सिलिंडर तेलाच्या पातळ थराने वाचले होते आणि दोन उघडे पडून खाल्ले गेले होते.

इंजिन पूर्ण खोलल्यावर पहिलं काम धातूंची वर्गवारी. ब्लॉक, क्रँक, कॅम, पुशरॉड, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड हे लोखंड आणि पोलाद. हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे. कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा. गंज काढायच्या ज्या रीती लोखंडाला मानवतात त्या ॲल्युमिनियमला मानवत नाहीत. हेड कॉस्टिक सोड्यात टाकलं तर ते झिजत जातं. म्हणून हेडला रॉकेल, लाकडाची पट्टी आणि मऊ ब्रश एवढंच लावलं. पाण्याच्या भोकांच्या कडा पांढऱ्या भुकटीने खाल्ल्या होत्या. तिथे आर्गॉन वेल्डिंगने धातू भरून घेतला आणि हेडचा तळ पुन्हा सपाट करून घेतला.

लोखंडाच्या सुट्या भागांसाठी अंगणात प्लास्टिकचं पिंप मांडलं. पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार कबाडखान्यातून आणलेल्या लोखंडी पत्र्याला. दोन्ही पाण्यात, एकमेकांना न टेकता. चार्जर लावला की भागाभोवती बारीक बुडबुडे येतात आणि हळूहळू वर तपकिरी फेस जमतो. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलेला भाग काळा पडलेला असतो आणि ती काळी पूड ब्रशने सहज निघते. या रीतीने चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही, म्हणून ती मला सर्वांत भरवशाची वाटते. पथ्यं मात्र कडक आहेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. बंद खोलीत हे करायचं नाही, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि ठिणगीने पेट घेतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मी पिंपात टाकल्या नाहीत. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं, आणि गंजाने खड्डा पडलेली स्प्रिंग त्या खड्ड्यापाशीच तुटते. स्प्रिंगा नव्या घेतल्या.

मॅनिफोल्डचा आकार वेडावाकडा. त्याच्या आतल्या वळणांत वीज नीट पोचत नाही. त्यासाठी करोंद मंडीजवळच्या पशुआहाराच्या दुकानातून मळी आणली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि त्यात मॅनिफोल्ड काही आठवडे बुडवून ठेवायचा. मळीतले घटक गंजाला धरून पाण्यात ओढून घेतात. वास असा सुटतो की आईने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, “हे पिंप आधी गच्चीवर ने.” पण मॅनिफोल्ड बाहेर निघाला तो आतबाहेर करड्या, कोऱ्या बिडाचा.

हे काम श्रावणात चाललं होतं आणि त्या हवेत उघडं लोखंड मिनिटांत पिवळं पडतं. म्हणून प्रत्येक भाग उकळत्या पाण्यात बुडवून काढायचा, म्हणजे तो आपल्याच उष्णतेने झटपट कोरडा होतो, आणि गरम असतानाच त्याला तेल चोपडायचं. पुसायचं, वाळवायचं आणि तेल लावायचं हे एकाच दमात व्हायला हवं.

यानंतर खरं काम सुरू झालं, ते मापाचं. बाबांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेला मायक्रोमीटर लाकडी पेटीत, तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेला होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग तो दाखवतो. प्रत्येक भाग साफ झाल्यावर मी त्याचं माप वहीत उतरवत गेलो आणि डोळ्यांनी केलेले अंदाज एकामागून एक खोटे ठरत गेले. रॉकरचा शाफ्ट साफ केल्यावर आरशासारखा दिसत होता, पण रॉकर जिथे फिरतात तिथे त्याची झीज बोटाला जाणवण्याइतकी होती. तो बदलावा लागला. काळा, डागाळलेला क्रँक मात्र तिन्ही मेन बेअरिंगांच्या जागी मापात निघाला. त्यावरचे डाग जुन्या तेलाचे होते, धातू शाबूत होता. कॅम चांगला होता, पण त्याच्यावर घासणाऱ्या टॅपेटांच्या तळांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते. ते घासून गुळगुळीत केले असते तर वरचा कडक थर गेला असता आणि थोड्याच दिवसांत त्यांनी कॅमही खाल्ला असता. टॅपेट मुंबईहून मागवले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या फियाटचा माल अजून शोधला तर सापडतो.

सिलिंडरचं मूळ माप ६८ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर, चारही मिळून १०८९ सीसी. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा मोजला. पहिल्या आणि चौथ्याचं होन करून भागलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या भिंतींवर होन केल्यावरही खड्डे उरले, नख अडकेल इतके खोल. खड्डे राहू दिले तर रिंगांवरून तेल वर चढतं आणि धूर होतो. म्हणून चारही सिलिंडर गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये सारखे बोअर करून घेतले आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकले. तिथल्या मिस्त्रींना मी एकच विनंती केली: खड्डा जाईल इतकंच कापा, पुढचं लोखंड राहू द्या. एकदा कापलेली भिंत परत भरता येत नाही, आणि या ब्लॉकला पुढे आणखी कुणाला बोअर करायची वेळ येईल तेव्हा त्याच्यात जीव उरायला हवा.

सर्वांत मोठा गंज शेवटी सापडला, आणि तो पावसाचा नव्हताच. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेले कोर प्लग काढले तेव्हा पाण्याच्या वाटांमध्ये लाल-तपकिरी गाळ घट्ट बसलेला दिसला. पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळ तो कमी होता. मागे, चौथ्या सिलिंडरभोवती तो दगडासारखा झाला होता. आई म्हणाली, “उन्हाळ्यात बाबा रोज रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी ओतायचे.” आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार आणि ब्लॉकचा गंज मिळून तो थर धरला, चौथ्या सिलिंडरभोवती पाणी फिरेनासं झालं, तिथलं लोखंड तापत राहिलं आणि गॅस्केट नेमकं तिसऱ्या-चौथ्याच्या मधे फुटलं. ज्या दुरुस्तीसाठी हेड उतरवलं होतं तिचं मूळ इथे होतं. नवं गॅस्केट लावून गाडी तेव्हाच चालू केली असती तर तेही टिकलं नसतं. तारेने खरवडून, पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन मी त्या वाटा मोकळ्या केल्या आणि नवे प्लग बसवले.

इंजिन जोडायला चाचा आले. १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम त्यांनी मला तोंडाने म्हणायला लावून तारा जोडून घेतल्या. इंजिन सुरू झालं आणि काही वेळ आम्ही दोघं फक्त तापमानाचा काटा बघत उभे होतो. तो मध्यावर येऊन थांबला. आता रेडिएटरमध्ये गंजरोधक कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर असतं. लोखंडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड एकाच पाण्यात भिजत असताना साधं पाणी चालणारच नाही, हे मी आता प्रत्येक फियाटवाल्याला सांगतो.

या कामाने माझ्या मनात एक गोष्ट पक्की केली. गंज काढताना आपलं लक्ष चकाकीकडे जातं, पण जपायचं असतं ते माप. चकाकीसाठी घासलेला प्रत्येक थर मापातून वजा होतो. कुर्ल्यात ही इंजिनं आता ओतली जात नाहीत. जेवढी आहेत तेवढीच आहेत, आणि त्यांचं लोखंड हीच त्यांची शिल्लक आहे.

तुमच्या दारात अशी एखादी गाडी उभी असेल तर ती सुरू करायचे पैसे आज नसले तरी चालेल. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि पाना लावून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. रेडिएटर आणि ब्लॉकमधलं जुनं पाणी काढून टाका. हेड उतरवलेलं असेल तर सिलिंडरच्या भिंतींना ग्रीस फासून ब्लॉक नीट झाका. इंजिन नंबर साफ करून त्याचा फोटो काढून ठेवा. खर्च डबाभर तेलाचा आहे, काम एका दुपारचं आहे. मृग लागायच्या आत ते उरका.